खूनरहस्यासाठी संसद भवन की १९२४ चे बेळगाव?

राष्ट्रीय राजकारणावर बेतलेली, पण रक्तपातापेक्षा माणसांच्या स्वभावावर भर देणारी खूनरहस्यकथा मराठीत लिहायची झाल्यास मला दोन पार्श्वभूमी दिसतात: आजचे दिल्लीतील संसद भवन आणि डिसेंबर १९२४ मध्ये बेळगावच्या टिळकवाडीत भरलेले काँग्रेसचे अधिवेशन.

संसदेच्या बाजूने एक गोष्ट भक्कम आहे. लोकसभेच्या नियमांनुसार सभागृहाच्या आवारात अध्यक्षांच्या परवानगीशिवाय कोणालाही अटक करता येत नाही, त्यामुळे संशयित डोळ्यांसमोर असूनही तपास अडू शकतो. मात्र कॅमेरे, मोबाइलच्या नोंदी आणि सुरक्षा दले असताना हौशी शोधकाला फारसा वाव उरत नाही.

बेळगावचे अधिवेशन मला कितीतरी अधिक समृद्ध वाटते. गांधीजींनी अध्यक्षपद भूषवलेले हे काँग्रेसचे एकमेव अधिवेशन. त्याच्या आयोजनाची धुरा गंगाधरराव देशपांडे यांनी वाहिली, आणि पाण्यासाठी तेव्हा खोदलेली काँग्रेस विहीर आजही तेथे आहे. देशभरचे प्रतिनिधी तात्पुरत्या छावणीत शेजारी शेजारी राहत असताना कोण पंगतीला आले नाही, कोणत्या तंबूत रात्री उशिरापर्यंत कंदील जळत होता, हे खानापूरहून कामाला आलेल्या एखाद्या स्वयंपाकिणीच्या नजरेतून सुटणार नाही. शिवाय मराठी आणि कन्नड दोन्ही येत असल्याने तिला दोन्हीकडची कुजबुज कळेल. फक्त मृत व्यक्ती आणि खुनी दोघेही पूर्णपणे काल्पनिक असावेत. ज्यांच्या आठवणी या गावाने जपल्या आहेत, त्यांच्यावर संशयाची सावलीही पडू नये.