गुलामांच्या आठवणींचा ऑनलाइन संग्रह: पाचपैकी चार तारे

कलिन्यात किंवा चर्चगेटला इतिहास, स्त्री-अभ्यास शिकणाऱ्यांना अमेरिकेतल्या गुलाम बायकांवर प्रकल्प करायचा असेल, तर लायब्ररी ऑफ काँग्रेस या अमेरिकेच्या सरकारी ग्रंथालयाचा हा संग्रह आधी उघडावा. 1936 ते 1938 मध्ये सरकारी लेखक-योजनेतून घेतलेल्या 2,300 हून अधिक आठवणी इथे आहेत. पैसे नाहीत, लॉगिन नाही. खंड राज्यवार लावलेले आहेत. लोकलमध्ये पानांच्या स्कॅन प्रती उघडत बसू नका, बोगद्यात पान अडकतंच. घरी वायफायवर अख्खा खंड उतरवून घ्या.

शोध घेताना बहुतेक जण फसतात, कारण मजकूर बोलीच्या उच्चाराप्रमाणे लिहिलाय. ‘चिल्ड्रन’ टाकून भागत नाही, ‘चिलन’ही टाका. सुईण ‘ग्रॅनी’ नावाने सापडते.

बाई घरकामाला आणि गडी शेतावर, हे चित्र आधी पुसा. बहुतेक बायका शेतातच राबत आणि रात्री ठरवून दिलेलं सूत कातत. सुतारकी, लोहारकी पुरुषांच्या हाती. बायको दुसऱ्या मळ्यावर असेल तर नवरा शनिवारी मालकाची चिठ्ठी घेऊन तिकडे जाई. वाटा त्याच्या पायाखालच्या, मूल तिच्या कडेवर. पळून जाणाऱ्यांत पुरुष जास्त, ते यामुळेच. गरोदर बाईला फटके द्यायचे तर जमिनीत खड्डा खणून त्यात तिचं पोट ठेवत, असं अनेकांनी सांगितलंय. पोट वाचवायचं, कारण व्हर्जिनियाच्या 1662 च्या कायद्यापासून मूल आईच्या दर्जाचं, म्हणजे मालकाचं. 1808 मध्ये बाहेरून गुलाम आणायला बंदी आली, तशी या पोटाची किंमत आणखी वाढली.

टेक्सासच्या खंडातली रोझ विल्यम्स चुकवू नका. सोळाच्या आसपासच्या रोझला मालकाने रूफस नावाच्या गड्याच्या खोपटात राहायला पाठवलं. तिने चुलीची सळई उगारून त्याला बाहेर काढलं. मालकाने चाबकाची धमकी दिली; तिच्या आईबापांना त्यानेच एकत्र विकत घेतलं होतं, हेही तिच्या मनात होतं. ती नमली. सुटकेनंतर तिने कधीच लग्न केलं नाही.

आता खोट. मुलाखती घेणारे बहुतेक गोरे होते, आणि अशा गोष्टी गोऱ्या पाहुण्यासमोर कोण काढणार? जात्यावरची ओवी तरी सासऱ्यासमोर कुठे पुरी म्हटली जाते! साउथ कॅरोलायनाच्या खंडात सुझन हॅमलिन आणि सुझन हॅमिल्टन अशी दोन नावं दिसतील. बाई एकच. गोरी बाई विचारायला आली तेव्हा ती मदत-कचेरीतली असावी असं सुझनला वाटलं आणि मालक भला ठरला. काळा माणूस आला तेव्हा फटके आणि ताटातुटी बाहेर आल्या. म्हणून आधी प्रश्न विचारणाऱ्याचं नाव बघा, मग 1865 मध्ये, म्हणजे गुलामी संपली तेव्हा, सांगणाऱ्याचं वय किती होतं ते मोजा.

व्हर्जिनियात काळ्या मुलाखतकारांनी भरपूर काम केलं, पण या संग्रहातला व्हर्जिनियाचा खंड अगदी पातळ आहे. तारा त्यासाठी कापला.