डावा कोपरा: दम आहे, घाई आवरा

गावच्या या कबड्डी वर्गाचं काम जोखायचं तर त्यांचा डावा कोपरा सांभाळणारा पोट्टा बघावा. घोटा धरताना तो कंबरेतून वाकत नाही, गुडघ्यातून बसतो; म्हणून झटक्याने सुटत नाही. खोट घाईची. चढाईपटूचं वजन पायावर येण्याआधीच झेपावतो अन् हाती फक्त हवा. तीनच गडी उरले, सुपर टॅकलचे (तीन किंवा कमी गड्यांनी केलेल्या पकडीचे) 2 गुण दिसले, की हमखास. दुसरं, सराव सारा काळ्या मातीवर, अनवाणी. मॅटवर बूट पकड घेतो, पाऊल वळत नाही अन् गुडघा पिळवटतो. आठवड्यातून दोनदा तरी वर्गाने त्याला मॅटवर न्यावं, कव्हरसोबतची (कोपऱ्याच्या आत उभ्या बचावपटूसोबतची) हातात हात धरायची साखळी घोटून घ्यावी. वजनाची काळजी नको. खुल्या गटाची मर्यादा 85 किलो, मांड्या भरायला जागा आहे.