एसबीसीएलमध्ये थ्रेड की फोर्क?

समजा, एसबीसीएल या कंपायलरवर चालणाऱ्या तुमच्या कॉमन लिस्प भाषेतल्या प्रोग्रॅमला ६०० एमबीचा शब्दकोश मेमरीत लागतो, सर्व्हर ४ जीबीचा आहे आणि चार कामं एकाच वेळी चालवायची आहेत. चार सुट्या प्रोसेस सुरू करून प्रत्येकीत शब्दकोश लोड केलात, तर २४०० एमबी तिथेच संपले. तो विचार सोडा. निवड करायची ती थ्रेड (एकाच प्रोसेसमध्ये समांतर चालणारे धागे) आणि फोर्क (चालू प्रोसेसची प्रत काढून नवी प्रोसेस) यांच्यात.

थ्रेड घेतले तर हीप, म्हणजे डेटा ठेवायची मेमरी, सगळ्यांचा एकच. शब्दकोश एकदाच लोड होतो, त्यात घातलेला नवा शब्द चौघांनाही मिळतो. मात्र साध्या हॅश टेबलमध्ये (किल्लीवरून नोंद शोधायच्या तक्त्यात) दोन थ्रेड एकदम लिहायला गेले की तो बिघडू शकतो, म्हणून एका वेळी एकालाच लिहू देणारं लॉक हवंच. गार्बेज कलेक्शन (नको असलेली मेमरी मोकळी करणं) सुरू झालं की सगळे थ्रेड थांबतात. आणि हीप भरला की ‘हीप एक्झॉस्टेड, गेम ओव्हर’ दिसू शकतं आणि चारही कामं एकदम बसू शकतात.

फोर्कमध्ये एक प्रोसेस पडली तरी बाकीच्या तीन चालू राहतात. मेमरीही वाचते, कारण कुणी लिहीपर्यंत लिनक्स मेमरीचा ४ केबीचा प्रत्येक तुकडा, म्हणजे पेज, सामायिक ठेवतं. खरी मेख इथे आहे: तुम्ही शब्दकोशाला हातही लावला नाही, तरी गार्बेज कलेक्टर लावतो. जिवंत ऑब्जेक्ट उचलून तो नव्या जागी ठेवतो आणि प्रत्येक प्रोसेसची वेगळी प्रत तयार होते. बेत फसतो तो बहुधा इथेच.

यावर उपाय आहे आणि तो मला मनापासून आवडतो. शब्दकोश लोड करा, ‘सेव्ह-लिस्प-अँड-डाय’ने कोअर फाईल (मेमरी जशीच्या तशी साठवलेली फाईल) बनवा, त्या कोअरवरून प्रोग्रॅम सुरू करा आणि मग फोर्क करा. कोअरमधला डेटा स्यूडो-स्टॅटिक पिढीत, म्हणजे जवळजवळ कायमचा मानलेल्या गटात, जातो. कलेक्टर तो हलवत नाही. फक्त फोर्क थ्रेड सुरू करण्याआधी करा, नाहीतर एसबीसीएल नकार देतं.

शब्दकोश नुसता वाचायचा असेल तर मी डोळे झाकून कोअर आणि फोर्क घेईन. दर मिनिटाला बदलणारा, सगळ्यांना लागणारा डेटा असेल तर थ्रेड.

मेमरी मोजताना ‘टॉप’ कमांडमधल्या आरईएस (प्रोसेसने व्यापलेली मेमरी) आकड्यावर जाऊ नका, सामायिक पेज तिथे प्रत्येक प्रोसेसच्या खात्यात पूर्ण धरलं जातं. लिनक्सच्या प्रॉक फोल्डरमध्ये त्या प्रोसेसच्या ‘स्मॅप्स’ फाईलमधला पीएसएस आकडा बघा, त्यात ते वाटून धरलेलं असतं. तिथलाच ‘प्रायव्हेट डर्टी’ (फक्त त्याच प्रोसेसची, बदललेली पेजं) आकडा ६०० एमबीकडे सरकू लागला, तर कोअर बनवण्याची पायरी पुन्हा तपासा.