फायनल फँटसी १६ की सेव्हन रीबर्थ, एकच घ्यायचा तर कोणता?

पीएस५ आहे किंवा बऱ्यापैकी पीसी आहे, एखादा मोठा जपानी आरपीजी (एखादं पात्र होऊन लांबलचक गोष्ट खेळायचा गेम) खेळून बघायचाय, आणि पैसे नि वेळ दोन्ही सध्या एकाच गेमपुरते आहेत, अशा माणसासाठी हे लिहितोय. मी दोन्ही शेवटपर्यंत खेळलोय. दोन्ही स्क्वेअर एनिक्सचे, नावात दोन्हीकडे फायनल फँटसी, आणि दोन्हींवर ओतलेला पैसा पहिल्या तासातच डोळ्याला दिसतो. पण खेळताना एकाच घरातले वाटत नाहीत इतके वेगळे आहेत.

भारी क्षण दोन्हीत ढिगाने आहेत, त्यामुळे ते मोजत बसलात तर निर्णय होणारच नाही. मी तर म्हणेन उलटं बघा, हे गेम जिथे रेंगाळतात तिथे त्यांचा कोणता कंटाळा तुम्हाला सहन होईल ते बघा. १६ मधल्यामध्ये अगदी रिकामा पडतो आणि रीबर्थला थांबायचं कुठे ते कळत नाही.

आधी १६. हा पीएस५वर जून २०२३ मध्ये आला, पीसीवर सप्टेंबर २०२४ मध्ये. आधीचा एकही फायनल फँटसी खेळलेला नसला तरी काही अडत नाही, कारण या मालिकेत बहुतेक प्रत्येक नंबर म्हणजे नवं जग, नवी माणसं. इथलं जग व्हॅलिस्थिया. मोठमोठ्या स्फटिकांच्या आधाराने राज्यं उभी आहेत, जमीन हळूहळू मरत चाललीय, आणि ज्यांना जन्मतःच जादू येते त्यांच्या गालावर डाग देऊन त्यांना गुलाम म्हणून राबवतात. जादू वापरून वापरून ही माणसं शेवटी दगड होतात. नायक क्लाइव्ह आपल्याला १५ वर्षांचा राजघराण्यातला मुलगा म्हणून भेटतो आणि पुढे २८ वर्षांचा, त्याच डागासकट. सुरुवातीच्या भागात एक छोटा साइड क्वेस्ट, म्हणजे मुख्य कथेबाहेरचं काम, आहे, एक लहान मूल म्हणतं माझं पाळीव हरवलंय, शोधून द्या, आणि आपण शोधत जातो तर ते जनावर नसतंच. पाच मिनिटांचं काम आहे ते, पण या जगात माणसाची किंमत काय हे मला तिथे कळलं. नंतर कितीतरी वेळ ते डोक्यातून गेलं नाही.

आणि हा गेम शेजारी बसून बघण्यासारखा आहे. माझा धाकटा भाऊ कंट्रोलर हातात धरत नाही, पण टायटनची लढाई सुरू झाली तेव्हा ताट घेऊन येऊन बसला आणि संपेपर्यंत उठला नाही. आयकॉन म्हणजे डोंगराएवढे देव-राक्षस, त्यांच्या आपसातल्या मारामाऱ्या इतक्या मोठ्या आहेत की बहामुतच्या वेळी लढत थेट आकाशाच्या पलीकडे जाते. आवाज इंग्रजीच ठेवा. चेहऱ्यांचं काम इंग्रजी कलाकारांवर केलंय त्यामुळे ओठ जुळतात, आणि क्लाइव्हचा साथीदार सिड, त्याला नट राल्फ आयनसनचा तो खर्जातला आवाज आहे, तो तर ऐकायलाच हवा. ब्रिटिश उच्चार सुरुवातीला जड जातात, सबटायटल लावून खेळा, आठवड्याभरात कान बसतो. शिवाय कटसीन (गोष्ट सांगणारं, नुसतं बघायचं दृश्य) चालू असताना मध्येच थांबवून हा कोण, हे राज्य कुठलं, हे वाचायची सोय आहे, त्याला अ‍ॅक्टिव्ह टाइम लोअर म्हणतात. पंधरा दिवसांनी परत खेळायला बसणाऱ्या माणसासाठी याच्याइतकी उपयोगी गोष्ट मी दुसऱ्या कुठल्या आरपीजीत पाहिलेली नाही.

आता मारामारी. लढाईची जबाबदारी र्योता सुझुकी यांच्याकडे होती, ते आधी कॅपकॉममध्ये डेव्हिल मे क्रायवर काम करायचे, आणि हातात कंट्रोलर घेतला की ते जाणवतं. एका वेळी तीन आयकॉनच्या शक्ती लावायच्या, त्या बदलत कॉम्बो बांधायचे, ऐनवेळी बाजूला व्हायचं. पॉइंट कुठल्याही शक्तीतून फुकट परत काढता येतात, म्हणून वाट्टेल तेवढे प्रयोग करा. बोटं तेवढी चपळ नसतील तर खास अंगठ्या दिल्यात, एक घातली की चुकवायच्या वेळी गेम आपोआप मंद होतो, दुसरी घातली की एकच बटण दाबत राहून अख्खा कॉम्बो निघतो.

पण आरपीजी म्हणून घेणार असाल तर इथेच गडबड आहे. आगीच्या राक्षसाला आगीने मारलं काय नि बर्फाने मारलं काय, फरक शून्य. विषबाधा नाही, झोप लावणं नाही, कुणाला काय कमजोरी ते शोधणं नाही. नवी तलवार म्हणजे आधीच्यापेक्षा थोडा मोठा आकडा, बस. सोबत्यांना तुम्ही चालवू शकत नाही, टॉर्गल कुत्र्याला तेवढे दोनतीन हुकूम देता येतात (आणि त्याला गोंजारता येतं, ते मी दर वेळी केलं). वीस तास होईपर्यंत तुमची एक ठरलेली पद्धत बसते आणि साध्या शत्रूंवर तीच चालवत राहता. त्यात मोठ्या लढाईनंतर गेम एकदम बसतो. एकदा तर मुख्य कथेतच जहाज बांधायचंय म्हणून सामान गोळा करत या गावातून त्या गावात फिरवलंय, तिथे मी दोन आठवडे गेम सोडून दिला होता. साइड क्वेस्ट पहिल्या अर्ध्यात बरेचसे पोस्टमनगिरी आहेत, शेवटच्या टप्प्यात मात्र चांगले होतात, ते सोडू नका. आणि जिल, क्लाइव्हची लहानपणापासूनची सोबतीण. एवढं सोसलेलं, एवढं ताकदीचं पात्र, आणि पुढे तिला क्लाइव्हच्या बाजूला उभं राहण्याशिवाय फारसं कामच दिलं नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

रीबर्थमध्ये नेमकं उलट. हा २९ फेब्रुवारी २०२४ला पीएस५वर आला आणि जानेवारी २०२५ मध्ये पीसीवर. १९९७च्या फायनल फँटसी सेव्हनची गोष्ट तीन भागांत नव्याने सांगतायत त्यातला हा मधला भाग. म्हणजे आधी २०२०चा रीमेक खेळावा लागतो, निदान मला तरी तसंच वाटतं. मागची गोष्ट थोडक्यात सांगणारा व्हिडिओ गेममध्येच आहे, पण तो बघून बॅरेट, टिफा, एरिथ ही माणसं तुमची होत नाहीत, आणि ती तुमची झाली नाहीत तर या गेमचं अर्धं बळ गेलं. तेव्हा ३५-४० तासांचा रीमेक आणि त्यावर रीबर्थ असा हिशोब धरा.

पण माणसं एकदा तुमची झाली की मग बघा. प्रवासात त्यांची आपसातली बडबड, भांडणं, कोण कुणाला सांभाळून घेतंय, हे सगळं इतकं जिवंत आहे की मी कितीदा नुसता चालत राहिलो, घोड्याऐवजी असलेला तो चोकोबो पक्षीसुद्धा बोलावला नाही. लढाईचं तर मी दिवसभर सांगू शकतो. मारत मारत एटीबीचा पट्टा (हुकूम देण्यासाठी साठवायची ताकद) भरायचा, तो भरला की वेळ जवळजवळ थांबवून हुकूम द्यायचा, आणि सातजणांपैकी तिघं घेऊन हवं तेव्हा एकाचं दुसऱ्यावर जायचं. प्रत्येकाचा हात वेगळा. रेड थर्टीन मार अडवून आपला पट्टा भरतो, युफी आपल्या शस्त्राला हवं ते तत्त्व लावते, एरिथ जमिनीवर वर्तुळं आखते आणि त्यात उभं राहून लढते. शत्रू आधी तपासायचा, तो कशाने दबतो ते शोधायचं, मग त्याला कोलमडवायचं, आणि त्याप्रमाणे मटेरियाची, म्हणजे शस्त्र-चिलखतात बसवायच्या जादूच्या गोळ्यांची, जुळणी करायची. एका बॉसकडून, म्हणजे मोठ्या शत्रूकडून, चारदा हरलो, मग चिलखतात मटेरियाची एक जोडी बदलली आणि पाचव्यांदा तोच बॉस हातात आला. हे सुख १६मध्ये नाहीच.

क्वीन्स ब्लड नावाचा पत्त्यांचा खेळ आहे, तीन ओळी, पाच रकाने, नियम दहा मिनिटांत समजतात, आणि मी मुख्य गोष्ट बाजूला ठेवून गावोगाव प्रतिस्पर्धी शोधत फिरलो. पण मग गेम थांबत नाही. पियानो, चोकोबोच्या शर्यती, नेमबाजी, परेड, उड्या, खोकी फेकणं, काहीतरी नवीन काढतच राहतो, आणि त्यातले काही खेळ मुख्य कथेत सक्तीचे आहेत. केट सिथ या मांजरासारख्या सोबत्याला घेऊन खोकी फेकायचा जो भाग आहे तो गोष्ट ऐन रंगात आलेली असताना येतो, तिथे माझा अक्षरशः जीव वैतागला. नकाशाचंही तसंच. सहा मोठे प्रदेश, प्रत्येकात मनोरे, मंदिरं, राक्षसांची यादी, चोकोबो पकडणं, सगळं त्याच क्रमाने, आणि प्रत्येक ठिकाणी चॅडली हा पोरगा मध्ये येऊन बोलतो. पहिल्या हिरव्या माळरानात मजा येते, गोंगागाच्या जंगलात मशरूमवरून उड्या मारत वाट शोधताना मात्र नकाशा बंद करून टाकावासा वाटतो. माझा सल्ला, तिसऱ्या प्रदेशापासून फक्त आवडेल तेवढंच करा. सगळं करायला गेलात तर १०० तास सहज जातात, नुसती कथा ४०-४५ तासांत होते. १६ची कथा साधारण ३५-४० तासांत आणि साइड क्वेस्ट धरून साठच्या आसपास.

शेवटाबद्दल काही फोडत नाही. १६ आपली गोष्ट पूर्ण करतो. रीबर्थचा शेवट गुंतागुंतीचा आहे, ज्या एका क्षणासाठी लोक १९९७पासून ही गोष्ट मनात धरून आहेत तो क्षण अशा पद्धतीने मांडलाय की मला नीट रडताही आलं नाही, काय खरं काय भास यातच डोकं अडकलं. आणि पुढचं तिसऱ्या भागात.

संगीतात निवड करूच शकत नाही. द गेम अवॉर्ड्समध्ये संगीताचं बक्षीस २०२३ला १६ला आणि २०२४ला रीबर्थला मिळालं, आणि दोन्ही वर्षी ते योग्यच होतं.

तांत्रिक बाजू पटकन. पीएस५वर परफॉर्मन्स मोडमध्ये रीबर्थ धूसर दिसतो, १६मध्ये मोकळं फिरताना फ्रेम पडतात, म्हणजे चित्र अडखळतं, पण लढाईत सावरतं. पीसीवर दोन्हींसाठी दीडशे जीबीच्या वर जागा मोकळी ठेवा, एसएसडीच हवी, आणि जीटीएक्स १० सिरीजचं जुनं कार्ड असेल तर रीबर्थचा नाद सोडा, त्याला डायरेक्टएक्स १२ अल्टिमेट हे ग्राफिक्सचं नवं तंत्र लागतं. घरात लहान मुलं असतील तर १६ ती झोपल्यावरच, रक्त, शिव्या, नग्नता सगळं आहे.

तर आठवड्याला चारपाच तासच मिळतात, गोष्ट महत्त्वाची आहे, आरपीजीचे आकडे जुळवायचा कंटाळा येतो, अशांनी १६ घ्या. डोकं लावून लढायला आवडतं, महिनेच्या महिने एकाच जगात राहायची तयारी आहे, तर रीमेकपासून सुरू करून रीबर्थ. मला स्वतःला एकच ठेवायला सांगितला तर रीबर्थ ठेवीन, त्या सातजणांसाठी. पण मालिकेला हातच लावलेला नाही अशा मित्राच्या हातात मी आधी १६च देतो.

१६चा डेमो फुकट आहे, पीएस५वर आणि पीसीवर दोन्हीकडे, साधारण दोन तासांचा, आणि पुढे गेम घेतलात तर सेव्ह तिथूनच चालू होतं. शनिवारी रात्री लावा, मध्ये उठू नका, आणि किल्ल्यातली ती रात्र संपल्यावरच ठरवा.