दगड 9 एमएमचा, चुना 37,800 चा

माझं सॅनिटरी फिटिंगचं दुकान आहे. बावीस वर्षं पाइप विकतोय. हे आधीच सांगतो, कारण पुढचं वाचून तुम्ही हसणारच आहात.

एप्रिलमध्ये बाबांच्या डाव्या मूत्रनलिकेत 9 एमएमचा खडा निघाला, वर किडनीला सूज. नागपूरच्या धंतोलीतले डॉक्टर म्हणाले, आठ दिवसांत दुर्बीण घालून लेझरनं फोडू, साठेक हजार लागतील. सोनोग्राफीचं पाकीट काखेत धरून टपरीवर चहा घेत होतो, तर एक जण स्वतःहून बोलायला आला. "कायले कापाकापी करता भाऊ? माह्या बापाचा 14 एमएमचा पडला ना जी!" खिशातून डबी काढली. आत हरभऱ्यापेक्षा मोठा खडा.

इथेच कळायला हवं होतं. मूत्रनलिका आतून जेमतेम 3-4 एमएम, डॉक्टरांनी नुकतंच कागदावर काढून दाखवलेलं. अर्ध्या इंची पाइपातून पाऊण इंची गोटी जात नाही, हे मी रोज गिऱ्हाइकांना शिकवतो! पण बाबा 71 चे, शुगर आहे, आईनं ऑपरेशनच्या धास्तीनं रात्र रडून काढलेली. तुम्ही काय केलं असतं?

त्यानं बर्डीच्या एका गल्लीत, खडे पाडायच्या औषधांच्या दुकानात नेलं. भाव "साडेतीनशे". मला वाटलं, पुडीचा. त्यांनी भस्मं खलली, मधात कालवली आणि मग काट्यावर ठेवली. 108 ग्रॅम. भाव ग्रॅमचा होता, मधही त्याच भावानं! "कालवलेलं परत कोण घेईन?" 9,800 रोख, 28,000 फोनवरून. बिल नाही. खलात काही पडायच्या आधी भाव लिहून घ्या हो.

तिसऱ्या दिवशी कळ थांबली. मी पेढे वाटले. खडा अडकलेलाच असू शकतो, दुखणं तेवढं कमी होतं आणि वर किडनी फुगत राहते, हे नंतर कळलं. बाराव्या रात्री हुडहुडी, 103 ताप. खडा अडकलेला असताना ताप आला तर सकाळची वाट बघू नका, तडक दवाखाना गाठा. क्रिएटिनिन, म्हणजे किडनी किती काम करते ते सांगणारा रक्तातला आकडा, 1.1 वरून 2.9 (वाढला की वाईट). आधी स्टेंट, म्हणजे लघवीला वाट करून देणारी बारीक नळी, जंतुसंसर्ग उतरल्यावर लेझर. बिल 1,34,000. खडा 9 एमएमचाच. कॅल्शियमचा होता, तो औषधानं विरघळत नाही. युरिक ॲसिडचा विरघळतो, तोही डॉक्टरांच्या औषधानं.

चौकीत म्हणाले, "स्वखुशीनं दिले ना? बिल दाखवा." दुसऱ्या चौकीत हद्दीचा घोळ, टपरी पहिल्या चौकीच्या हद्दीत, दुकान यांच्या. बँकेत, "पिन तुम्हीच टाकला." खडे पाडण्याच्या जाहिरातींना 1954 च्या कायद्यानं बंदी आहे, त्याच्या यादीत किडनीचे खडे नावानिशी आहेत. दुकानावरच्या फूटभर अक्षरांच्या पाटीचा फोटो घेऊन सरकारी कार्यालयात गेलो. साहेबांनी झूम करून पाहिला. म्हणाले, "अर्ज दोन प्रतींत आणा." आणला. मग म्हणाले, औषधाचा नमुना जपून ठेवा, माणूस येईल.

अर्धी बरणी गल्ल्याशेजारी ठेवली आहे. पाच महिने झाले. झाकणाभोवती मुंग्या लागल्यात.