अशोक चौकामागचं सकिनालूचं दुकान

अशोक चौकाच्या मागच्या गल्लीत, एका घराच्या पुढच्या खोलीत हे दुकान चालतं. बोर्ड नाही. काचेच्या बरण्या आणि वजनकाटा, बास. पण सोलापुरात सकिनालू खायचे तर इथलेच, हे मी छातीठोकपणे सांगते.

सकिनालू हा तेलंगणातला संक्रांतीचा पदार्थ. तांदूळ रात्रभर भिजवून, निथळून, ओलसर असतानाच दळायचे. पिठात तीळ, ओवा, मीठ. तिखटाचं नाव नाही. सोऱ्याही लागत नाही. दुकानच्या अक्का चिमटीत पीठ धरतात आणि बोटांनी पीळ देत देत धुतलेल्या सुती कापडावर एकाभोवती एक वेढे घालत जातात. कापडानं ओल ओढून घेतली की उलथन्यानं अलगद उचलून तेलात. “घाई केली की तेलात फुटतंय बघा,” त्या म्हणाल्या. लाल होऊ देत नाहीत, पांढरटच काढतात. खाताना आधी तीळ लागतो, ओवा मागाहून येतो आणि तोंडात रेंगाळतो.

अक्कांनी निम्मं आयुष्य विड्या वळल्या. मांडीवर सूप घ्यायचं, पान कातरायचं, तंबाखू भरायची, दोरा गुंडाळायचा आणि कारखान्यात हजाराच्या हिशेबानं मोजून द्यायच्या. ती सवय त्यांच्या बोटांत अजून दिसते. पीळ कुठे सैल नाही की तुटत नाही. सोलापूरच्या पूर्वभागातल्या कितीतरी तेलुगू घरांत हेच चालत आलंय, पुरुष मागावर आणि बायका विडीवर. कुंभारीला गोदूताई परुळेकरांच्या नावानं १० हजार घरांची वसाहत उभी राहिली, ती या विडी कामगार बायकांसाठी.

ही मंडळी इथं आली कशी, हे आपल्याच पोरांना माहीत नसतं. निजामाची हद्द आपल्या दाराशी होती. नळदुर्ग, तुळजापूर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात, सोलापूर मात्र इंग्रजांकडे. इथं रेल्वे आली, १८७७ मध्ये ‘जुनी मिल’ ही कापडगिरणी सुरू झाली, त्यामुळे सूतही हाताशी आणि बाजारही. तिकडे दुष्काळ, वेठबिगार, आणि गिरणीच्या कापडापुढे हातमाग टिकेना. करीमनगर, वरंगल, नलगोंडा या भागांतले पद्मशाली विणकर हद्द ओलांडून आले नि इथलेच झाले. अक्कांच्या सासऱ्यांचे वडील त्यांतलेच. १९५६ मध्ये हैदराबाद राज्याची वाटणी झाली, त्यांची मूळ गावं आंध्र प्रदेशात गेली. घर, माग, देऊळ सगळं तोवर सोलापुरात होतं. सोलापुरी चादरीचं कौतुक आपण गावभर करतो, पण ती विणणाऱ्यांच्या घरात कधी डोकावत नाही, याचं मला फार वाईट वाटतं. नारळी पौर्णिमेला पद्मशालींच्या मार्कंडेय ऋषींचा रथ निघतो, नवरात्रात बतुकम्मा हा बायकांचा फुलांचा सण असतो. तेव्हा तरी पूर्वभागात या.

सर्वपिंडी फक्त सकाळी मिळते. तांदळाचं पीठ, भिजवलेली हरभरा डाळ, शेंगदाणे, कढीपत्ता, हिरवी मिरची असं सगळं मळून पातेल्याच्या तळाला थापतात, बोटानं भोकं पाडून त्यांत तेल सोडतात. खालची बाजू खरपूस, वरची मऊ. मिरचीचा हात जरा चढा आहे, लहान मुलांना दह्यासोबत द्या. गारेलू, म्हणजे वडे, गरम असतील तरच घ्या; गार झाले की चिवट लागतात.

तक्रार एकच, पॅकिंगची. पातळ पिशवीत भरून देतात आणि घरी पोचेपर्यंत निम्म्यांचा चुरा होतो. एवढी मेहनत अशी वाया जाऊ नये, साधे पुठ्ठ्याचे खोके तरी ठेवावेत. तोवर घरून स्टीलचा डबा न्या. दर चकलीपेक्षा जास्त आहे, पण एकेक वेढा हातानं घातलेला असतो, मला तो रास्त वाटतो. संक्रांतीसाठी हवे असतील तर डिसेंबरातच सांगून ठेवा. भिवंडी-सुरतेच्या नातलगांच्या ऑर्डरी आधी लागलेल्या असतात.