खिशातला टॉर्च: अडीचशेचा की साडेतीन हजारांचा?

गेल्या महिन्यात ऑफिसातल्या दोघांनी आणि एका मामेभावाने एकच प्रश्न विचारला, खिशात ठेवायला टॉर्च घ्यायचाय, दोन-तीनशेचा चालेल का चांगला घेऊ. प्रत्येकाला वेगवेगळं सांगत बसण्यापेक्षा एकदा नीट लिहून काढतो. माझ्याकडे दोन्ही आहेत. एक पुण्याच्या तापकीर गल्लीतून अडीचशेला आणलेला झूमवाला, म्हणजे तोंड पुढेमागे सरकवून झोत बारीक-मोठा करता येतो असा, तीन बारक्या सेलवर चालणारा, आणि दुसरा साडेतीन हजारांचा, तळहातात मावतो, आत एकच १८६५० सेल, म्हणजे पेन्सिल सेलपेक्षा जाड, परत चार्ज होणारा लिथियम सेल. दोन वर्षं झाली, दोन्ही रोजच्या वापरात आहेत, एक नुसता ड्रॉवरमध्ये पडून आहे असं नाही. मोबाईलच्या टॉर्चवर काम भागतंय त्यांनी खुशाल तोच वापरावा, हे त्यांच्यासाठी नाही.

खोक्यावरच्या लुमेनच्या, म्हणजे एकूण उजेडाच्या, आकड्यात फार अडकू नका. स्वस्त टॉर्चवरचा आकडा मोजून छापला असेल असं मला तरी वाटत नाही. बऱ्या कंपन्या एफएल १ या टॉर्चसाठीच्या स्टँडर्डप्रमाणे मोजतात, त्यात टॉर्च लावल्यावर ३० सेकंद ते २ मिनिटं या वेळातला उजेड धरतात, आणि ‘इतके तास चालतो’ म्हणजे उजेड सुरुवातीच्या १० टक्क्यांवर उतरेपर्यंत. आणि ‘२०० मीटर’ लिहिलं असेल तर त्याचा अर्थ त्या अंतरावर साधारण पौर्णिमेच्या चांदण्याइतका उजेड पडतो एवढाच, तिथलं सगळं लख्ख दिसेल असा नाही. हे एकदा कळलं की आकड्यांचा मोह कमी होतो.

चालायला कोणता बरा, हे मला सिंहगडावर कळलं. आम्ही चार-पाच जण रविवारी पहाटे आतकरवाडीतून चढतो, पाचच्या सुमाराला, म्हणजे निम्मी वाट अंधारातच. झूमवाला टॉर्च पूर्ण बाहेर ओढला की समोरच्या दगडावर चक्क चौकोन पडतो, एलईडीची चिपच तिथे छापल्यासारखी दिसते, तिच्यावरच्या बारीक रेघासुद्धा मोजता येतील. लांबचं झाड बघायला छान, पण पायाखाली काहीच नाही. आत ढकलला की मोठा गोल पडतो, तो मात्र खरंच एकसारखा आणि चांगला असतो, पण गोलाच्या बाहेर एकदम काळोख, त्यामुळे पायरी बघायची का पुढचं वळण बघायचं असं दर दोन मिनिटांनी ठरवायला लागतं. महागड्यात रिफ्लेक्टर, म्हणजे चकचकीत वाटी आहे, मधे जरा जोरदार आणि कडेला फिका उजेड आपोआप पसरलेला असतो, हात न हलवता दोन्ही दिसतं. धुक्यात म्हणाल तर दोन्ही सारखेच, पांढरी भिंत उभी राहते, तिथे एकच उपाय, टॉर्च डोळ्यापाशी न धरता कमरेच्या खाली धरायचा.

पावसाळ्यात झूमवाल्याचं तोंड सरकतं तिथूनच पाणी शिरतं. माझ्या टॉर्चच्या भिंगाच्या आत पहिल्याच जुलैत वाफ धरली, तांदळाच्या डब्यात ठेवून दोन दिवसांनी गेली, पुढच्या पावसात परत आली. दुसरा आयपीएक्स ८ आहे, म्हणजे पाण्यात बुडाला तरी चालतो, बादलीत पडला होता एकदा, पुसला आणि खिशात टाकला.

रंगाबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण घेताना हे कुणी बघत नाही. पांढरा एलईडी म्हणजे मुळात निळा एलईडी आणि त्यावर पिवळ्या फॉस्फरचा (निळ्यातला काही उजेड पिवळा करणाऱ्या पावडरीचा) थर, त्यामुळे स्वस्तातल्यात निळा भरपूर आणि लाल अगदीच कमी. अशा उजेडात वाळकी पानं, माती, विटकरी-तपकिरी काहीही असो, सगळं राखाडी दिसतं. आता सह्याद्रीत पहाटे वाळक्या पानांत पाय टाकायचाय आणि घोणस असते तपकिरी, म्हणजे ज्या रंगावर आपली सगळी भिस्त तोच रंग टॉर्चने पुसून टाकलेला. माझा महागडा ४५०० केल्विनच्या (हे उजेडाच्या छटेचं माप, आकडा कमी तितका पिवळसर) आसपासचा आहे आणि सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचं शंभरपैकी माप) ९० च्या वर, पिवळसर वाटतो सुरुवातीला, दोन टॉर्च शेजारी लावले तर लोक निळ्यालाच जास्त उजेड म्हणतात. पण पानं पानांसारखी दिसतात, माती मातीसारखी. सवय झाली की निळा डोळ्याला बोचायला लागतो, निदान मला तरी.

सेलचं गणित प्रत्येकाचं वेगळं असेल. स्वस्त टॉर्चच्या बाजूने मोठी गोष्ट ही की त्याचे सेल कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात मिळतात. तोटा म्हणजे उजेड पहिल्या दिवसापासून हळूहळू उतरत जातो, कळतच नाही, आणि एका गुरुवारी महावितरणने दुपारभर लाईट घालवली की तळघरातल्या पार्किंगमध्ये समजतं की हा आता मेणबत्तीएवढाच राहिलाय. आणि सेल आत विसरले की गळतात, स्प्रिंगवर हिरवट-पांढरी बुरशी चढते, लिंबू आणि पॉलिश पेपरने घासून मी एकदा वाचवलाय. महागड्यात ड्रायव्हर, म्हणजे आतलं सर्किट, करंट धरून ठेवतो, मधल्या मोडवर सेल जवळपास संपेपर्यंत उजेड तेवढाच राहतो. मात्र १८६५० सेल घेताना डोळे उघडे ठेवा, गल्लीत ‘९८०० एमएएच’ छापलेले दीडशेला मिळतात, ते खोटे असतात, या मापात चांगल्या सेलची खरी क्षमता साधारण ३५०० च्या आसपास असते. चार्जिंगचं आणखी एक, स्वस्तात आता टाईप-सी पोर्ट देतात पण आतले दोन रेझिस्टर वाचवतात, मग लॅपटॉपच्या दोन्हीकडे टाईप-सी असलेल्या केबलवर तो चार्जच होत नाही, जुन्या चौकोनी टोकाची केबल शोधायला लागते. टॉर्च बिघडला समजून लोक परत करतात, बिघडलेला नसतो.

एवढं सगळं असूनही मी अडीचशेचाच वापरत राहिलो असतो. खरंच. गड महिन्यातून दोनदा होतो, लाईट कधीतरी जाते, तेवढ्यासाठी साडेतीन हजार काढायला जीव झाला नसता. माझं ठरलं ते घरात, आणि एकाच गोष्टीवरून.

आमच्या अण्णांचं खुब्याचं ऑपरेशन झालं त्यानंतर तीन-चार महिने मी त्यांच्याच खोलीत खाली गादी टाकून झोपायचो. रात्री दोनदा-तीनदा उठायला लागायचं, युरिन पॉट द्यायचा, कधी कूस बदलायला मदत, पहाटे चारची गोळी. खोलीचा दिवा लावला की अण्णा पूर्ण जागे व्हायचे आणि मग सकाळपर्यंत छताकडे बघत पडायचे. डोळ्याला अंधाराची पुरती सवय व्हायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि ती एका झटक्यात मोडते, हे मी तेव्हा रोज बघत होतो. म्हणून टॉर्च.

आता या स्वस्त टॉर्चचं बटण असं आहे की प्रत्येक वेळी चालू केला की पुढचा मोड येतो. पूर्ण, मग मंद, मग ब्लिंकिंग, आणि परत पूर्ण. कुठला येणार हे मागच्या वेळी कुठे बंद केला त्यावर. रात्री अडीचला अर्धवट झोपेत तुम्हाला ते आठवणार आहे का? मी दाबायचो आणि एक तर पूर्ण उजेड भिंतीवर आपटायचा, किंवा जास्त वाईट म्हणजे फटाफट ब्लिंकिंग सुरू व्हायचं, अण्णांच्या तोंडासमोर. ते दचकून हात डोळ्यावर घ्यायचे. त्या दचकण्यात पाय हलायचा आणि ऑपरेशनच्या बाजूला कळ यायची. एकदा ते म्हणाले, ‘‘अरे, ते लखलख करणारं लावू नकोस रे, त्यापेक्षा अंधार बरा.’’ आवाजात राग नव्हता, दमलेले होते नुसते. ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही.

मी उपाय केले. काचेवर बँडेजची पट्टी चिकटवली. रुमालात गुंडाळून लावला. उशीखाली धरून दोनदा दाबायचं आणि मग बाहेर काढायचं असंही केलं, पण बटणाचा टकटक आवाज त्या शांततेत केवढा येतो. आणि मंद मोड तरी कसला मंद, दिवा सेकंदाला शेकडो वेळा उघडझाप करूनच तो कमी केलेला असतो, पंख्यावर मारला की पाती थांबत थांबत फिरल्यासारखी दिसतात. आमच्या हिला त्याने डोकं दुखायचं, मला नाही, हे माणसामाणसावर असावं.

मग महागडा घेतला. त्यात बंद असताना बटण दाबून धरलं की सगळ्यात खालचा उजेड लागतो, एक लुमेनपेक्षा कमी, त्याला मूनलाईट म्हणतात. दर वेळी तोच, मागच्या वेळी काय केलं होतं त्याचा संबंध नाही. ब्लिंकिंग आहे, पण तीनदा टिचकी मारली तरच येतं, चुकून नाही. पहिल्या रात्री मी तो लावला तेव्हा गादीची कड, पॉट, तांब्या, चपला एवढंच दिसलं, उदबत्तीपेक्षा जरा जास्त. पॉट दिला, घेतला, अण्णांनी डोळे उघडलेच नाहीत. सकाळी आईने विचारलं, ‘‘रात्री उठले नव्हते का हे?’’ आणि ती चारची गोळी, गुलाबी आणि फिकट नारिंगी अशा दोन शेजारी होत्या, निळ्या उजेडात दोन्ही सारख्याच मळकट दिसायच्या, गोळ्यांचं पाकीट डोळ्यापाशी नेऊन नाव वाचायला लागायचं. यात रंगावरून कळायचं. तरी नाव वाचायचोच, औषधात रंगावर भरवसा ठेवू नये.

दुसरी बाजू सांगायलाच हवी. आईला तो महागडा आजही जमत नाही, दाबून धरा, दोनदा दाबा, हे तिला नकोच असतं, तिला टक केलं की लागला पाहिजे, आणि ते म्हणणं मला पटतं. शिवाय हे टॉर्च खिशात चुकून चालू होतात. माझा पँटच्या खिशात पूर्णवर लागला होता, मांडीला चटका बसला तेव्हा कळलं. तेव्हापासून मागचं झाकण पाव फेरा सैल करून ठेवतो, बऱ्याच मॉडेलांत त्याने सर्किट तुटतं. सर्वात वरच्या मोडवर दोन-तीन मिनिटांत तापून स्वतःच उजेड उतरवतो, त्यामुळे तो मोठा आकडा फक्त मित्रांना दाखवायच्या कामाचा. आणि हरवायची धास्ती. राजमाचीला काजवे बघायला गेलो तेव्हा सगळा वेळ एक हात खिशावर होता. तिथे तो मूनलाईट मात्र फार उपयोगी पडला, पायापुरता लावता येतो, बाकीचे लोक मोबाईलचे झोत मारत होते आणि त्या उजेडात काजवे लुकलुकायचे थांबतात.

तर काय घ्यायचं. गाडीच्या डिकीत, वॉचमनला द्यायला, मीटरच्या खोलीत टांगायला हवा असेल तर अडीचशेचाच घ्या, दोन घ्या, हरवला तरी वाईट वाटणार नाही. घरात म्हातारं माणूस किंवा तान्हं बाळ असेल, किंवा तुम्ही स्वतः रात्री उठत असाल, तर माझं मत चांगल्याकडे झुकतं, आणि ते लपवत नाही. साडेतीन हजारच हवेत असंही नाही, फेनिक्स-नाइटकोर या कंपन्यांचे महाग वाटले तर सोफर्न, कॉनव्हॉय यांचे बघा, सोफर्नचा एसपी १० प्रो तर साध्या पेन्सिल सेलच्या मापाचा आहे, साधा सेलही चालतो आणि त्याच मापाचा १४५०० लिथियमही, आणि त्यात खालचा उजेड खरोखर खालचा आहे. मॉडेलं बदलत राहतात, तेव्हा नावापेक्षा बटण काय करतं ते वाचा.

दुकानातून घेणार असाल तर एवढं करा. टॉर्च तळहातावर टेकवून पाच वेळा चालू-बंद करा, मधे दहा-दहा सेकंद थांबून. पाचही वेळा तोच उजेड आला तर घ्या. एकदा जरी लखलख केलं तर दुसरा दाखवायला सांगा. गल्लीतले दुकानदार वैतागतात थोडे, पण दाखवतात.

अण्णा आता काठी घेऊन स्वतः उठतात. महागडा टॉर्च त्यांच्याच उशाशी असतो, बटणावर मी नेलपॉलिशचा ठिपका देऊन ठेवलाय, त्यांना अंधारात बोटाने लागतो. मी गडावर जाताना सध्या अडीचशेचाच नेतो.